दुरुस्त करून आणलेले इंजेक्टर गाडीत बसेपर्यंत कसे जपावेत

जुन्या गाडीचे इंजेक्टर, म्हणजे इंजिनात मापून पेट्रोल फवारणारे भाग, साफ करून, बेंचवर (तपासणीच्या यंत्रावर) तपासून आणले की आपल्याकडे बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. रंगकाम किंवा वायरिंग उरकलेले नसल्यामुळे ते आले त्याच पिशवीत गॅरेजच्या फळीवर महिनोन्‌महिने पडून राहतात. नाही तर हौसेपोटी लगेच बसवले जातात आणि टाकीतला गंज व जुने पेट्रोल मात्र होते तसेच राहते. दोन्हींचा शेवट सारखाच होतो. बेंचवर व्यवस्थित चाललेला इंजेक्टर पहिल्याच स्टार्टला अडकतो, ठिबकतो किंवा एका अंगाने फवारतो, आणि ठपका साफ करणाऱ्या दुकानावर येतो. माझे स्पष्ट मत असे आहे की, दुरुस्त झालेले इंजेक्टर बेंच आणि इंजिन यांच्या मधल्या काळातच अधिक बिघडतात. म्हणून दोन गोष्टींवर अडून बसावे : बेंचवरून उतरताना त्यांच्या पोटात तेल असले पाहिजे, आणि गाडीत ते सर्वांत शेवटी बसले पाहिजेत. पुढचे सगळे विवेचन या दोन गोष्टी साधण्यासाठीच आहे.

कोणत्या गाड्यांना हे लागू पडते

बॉशची डी-जेट्रॉनिक ही पेट्रोल फवारण्याची इलेक्ट्रॉनिक प्रणाली १९६७ मध्ये आली आणि १९७३-७४ च्या सुमारास तिच्या पाठोपाठ के-जेट्रॉनिक व एल-जेट्रॉनिक आल्या. त्या काळातल्या आयात केलेल्या मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, फोक्सवॅगन अशा गाड्या आजही हौशी मंडळींकडे आहेत. शिवाय १९९५ मध्ये भारतात आलेली देवू सिएलो आणि त्याच वर्षी पुण्याजवळ जुळणी सुरू झालेली मर्सिडीज ई २२० यांनाही आता तीस वर्षे झाली असल्याने त्यांचे इंजेक्टर याच अवस्थेला पोहोचले आहेत. के-जेट्रॉनिकचा इंजेक्टर विजेवर चालत नाही. इंधनाचा दाब साधारण ३ ते ४ बारच्या दरम्यान गेला की तो आपोआप उघडतो. त्यामुळे खालील विवेचनातला कॉइलविषयीचा भाग त्याला लागू नाही, बाकी सगळा आहे.

नेमके काय बिघडते

विजेवर चालणाऱ्या इंजेक्टरमध्ये एक कॉइल, एक स्प्रिंग आणि एक पोलादी सुई असते. कॉइलला वीज मिळाली की सुई आपल्या सीटवरून, म्हणजे टेकण्याच्या जागेवरून, जेमतेम ०.१ मिलिमीटर उचलली जाते आणि वीज तुटताच स्प्रिंग तिला परत खाली बसवते. एवढ्याशा फटीतून ठरलेल्या मापाचे पेट्रोल जायचे असल्यामुळे सीटच्या कडेवर गंजाचा बारीकसा ठिपका पडला तरी तेवढा पुरतो : सुई नीट टेकत नाही आणि इंजेक्टर ठिबकू लागतो, किंवा ती उचलतानाच अडते. गाडी नियमित चालत असते तेव्हा ही सुई सतत इंधनात बुडालेली असल्याने तिला हवा लागत नाही. जुन्या, वापरात नसलेल्या इंजेक्टरवरदेखील वार्निशाचा, म्हणजे वाळलेल्या पेट्रोलच्या चिकट्याचा, थर असतो. तो फवारा बिघडवतो, पण धातूला एक प्रकारे झाकूनही ठेवतो. अल्ट्रासॉनिक टाकीतून (द्रावणात ध्वनिलहरींनी साफ करणाऱ्या टाकीतून) बाहेर पडलेल्या इंजेक्टरवर मात्र काहीही उरलेले नसते. टाकीतले द्रावण बहुधा पाण्यात मिसळलेले असते, त्यामुळे उघडा पडलेला धातू आणि पाण्याचा अंश एकाच वेळी एकाच जागी येतात. साफ केलेला इंजेक्टर न केलेल्यापेक्षा लवकर गंजतो, ही गोष्ट ऐकायला विचित्र वाटली तरी तिचे कारण इतके साधे आहे.

आपल्या नागपूर शहराचे हवामान या बाबतीत दुटप्पी आहे. एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते, म्हणून उन्हाळ्यात लोक निर्धास्त असतात. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमानाची नोंद झाली होती. पत्र्याच्या शेडखाली बंद असलेल्या गॅरेजात पारा याहूनही वर जातो, आणि त्या उष्णतेत इंजेक्टरवरचा पातळ द्रवाचा थर उडून जातो, रबर कडक होत जाते. मग जूनच्या मध्याला पाऊस लागतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये सकाळची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. मे महिन्यात कोरडा पडलेला इंजेक्टर ऑगस्टमध्ये गंजतो, असा हा क्रम आहे. त्यात आपला कूलर आहेच. वाळ्याच्या ताट्यांतून येणारा गार झोत माणसाला कितीही सुखावह असला तरी तो ओलसर हवेचा झोत असतो, आणि बोअरचे पाणी वापरले असेल तर त्यातल्या क्षारांचे बारीक तुषारही तो घेऊन येतो. कूलरच्या खोलीत इंजेक्टर उघडू नयेत आणि ठेवू तर मुळीच नयेत.

बेंचवरून घेताना

इंजेक्टर ताब्यात घेताना पहिला प्रश्न हा विचारावा की, त्यांच्यातून शेवटी कोणता द्रव गेला. टाकीतून काढल्यावर ते तेलासारख्या टेस्ट फ्लुइडवर फ्लो-बेंचला चालवले असतील तर आतले पाणी बऱ्याच अंशी निघून गेलेले असते. परंतु फ्लो आधी आणि टाकी नंतर असा उलटा क्रम झाला असेल, किंवा टाकीनंतर नुसती कॉम्प्रेसरची हवा मारून काम संपवले असेल, तर ते इंजेक्टर पुन्हा बेंचवर लावून घ्यावेत. कॉम्प्रेसरच्या हवेवर भरवसा ठेवू नये. पावसाळ्यात त्याच्या टाकीत पाणी साचते आणि हवेबरोबर तेच पाणी इंजेक्टरमध्ये जाते. मिस्त्रीने खालचा कॉक उघडून आपल्यासमोर पाणी काढून दाखवले तरीही इंजेक्टरच्या आतल्या भागासाठी ही हवा नको.

दुकानदार ओळखीचा असेल तर शेवटच्या फेरीला बेंचमध्ये ताजे टेस्ट फ्लुइड घालून सगळे इंजेक्टर अर्धा मिनिट चालवून द्यायला सांगावे आणि ते न झटकता, ओले असतानाच दोन्ही टोकांना टोपणे लावून घ्यावीत. यासाठी चार पैसे जास्त मागितले तर द्यावेत. सगळ्या लेखातली सर्वांत परिणामकारक पायरी हीच आहे आणि ती घरी करण्यापेक्षा बेंचवर शंभरपट सोपी आहे.

एका परिचिताचे चार इंजेक्टर ऑगस्टमध्ये कुरिअरने आले तेव्हा ते उघडताना मी तिथे होतो. चारही एकाच पॉलिथिनमध्ये सुटे टाकलेले होते, पिशवीच्या आतल्या बाजूला दव जमले होते आणि एका इंजेक्टरच्या टोकावर, सुईभोवतीच्या वर्तुळात, केसाएवढी तांबूस कडा धरली होती. बोटाने ती पुसली गेली, म्हणजे गंज नुकताच सुरू झाला होता. तो इंजेक्टर पुन्हा बेंचवर लावला तेव्हा मिनिटाला दोन थेंब गळत होता. सोबतच्या कागदावर त्याच्या नावापुढे ‘गळती नाही’ असे छापलेले होते, आणि ज्या दिवशी ते छापले त्या दिवशी ते खरेही असेल.

तो कागद मात्र जपून ठेवावा. प्रत्येक इंजेक्टरचा फ्लो (ठरावीक वेळात किती द्रव गेला तो आकडा), गळतीची तपासणी आणि कॉइलचा रेझिस्टन्स त्यावर असायला हवा. नसेल तर रेझिस्टन्स आपल्या मल्टिमीटरने मोजून लिहावा. जास्त रेझिस्टन्सच्या जातीत तो साधारण १२ ते १६ ओहम असतो, कमी रेझिस्टन्सच्या जातीत २ ते ३ ओहम. डी-जेट्रॉनिक आणि बरेचसे एल-जेट्रॉनिक इंजेक्टर दुसऱ्या प्रकारात मोडतात. आकडा कितीही असो, एकाच संचातले सगळे आकडे एकमेकांच्या जवळ असावेत आणि कोणत्याही पिनपासून धातूच्या अंगापर्यंत जोडणी दिसू नये. बसवण्याच्या दिवशी हेच आकडे पुन्हा मोजायचे आहेत.

तेल भरणे

बेंचवर तेल भरून मिळाले नाही, किंवा इंजेक्टर येऊन महिने लोटले आहेत, तर हे काम घरी करता येते. के-जेट्रॉनिकचे इंजेक्टर उघडायला लागणारा दाब पिचकारीने येत नाही, म्हणून ते दुकानातच न्यावेत.

आधी तेलाविषयी, कारण चुकीचे तेल हे तेल नसण्यापेक्षा वाईट. सर्वांत योग्य ते कॅलिब्रेशन ऑइल, म्हणजे डिझेलच्या पंप-नोझलच्या दुकानात टेस्ट बेंचवर वापरतात ते, आयएसओ ४११३ या मानकाचे. ते पातळ असते, त्यात गंजरोधक असते आणि ते वाळून गोंद होत नाही. फक्त ते बंद डब्यातले घ्यावे. बेंचच्या टाकीतून बाटलीत ओतून दिलेले फुकट मिळाले तरी घेऊ नये, कारण त्यात आधीच्या नोझलांची घाण असते. ते मिळेपर्यंत थोड्या दिवसांसाठी शिलाई मशीनचे तेल चालते. डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे पाणी हटवतो आणि आठवडाभरासाठी ठीक आहे, परंतु त्यातला पातळ भाग उडून गेल्यावर मागे उरणारा थर महिनोन्‌महिने सुईभोवती राहावा असा नाही. पेट्रोल तर नकोच; ते उडून जाते, मागे चिकटा ठेवते आणि त्यातले इथेनॉल ओलावा ओढते. केरोसीन वाळले की धातू पुन्हा कोरडा. टू-स्ट्रोकचे ऑइल आत घट्ट होऊन बसते. खाद्यतेल कोणतेही नको. आपल्या विदर्भातल्या जवसाच्या तेलाचा तर वार्निश करायलाच उपयोग होतो, आणि वार्निश काढण्यासाठीच तर आपण पैसे मोजलेले असतात. सिलिकॉनचा स्प्रे किंवा ग्रीस इंजेक्टरजवळ आणू नये. गाडीला ऑक्सिजन सेन्सर असेल तर जळलेले सिलिकॉन त्याला निकामी करते.

कामासाठी सुई काढलेली २० मि.लि.ची नवी सिरिंज, इंजेक्टरच्या तोंडावर घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी, ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, दोन वायरी, काचेची बरणी, धागे न सुटणारे कापड आणि चष्मा एवढे साहित्य पुरते. टेबलावर पांढरा कागद अंथरावा, म्हणजे पडलेला कचरा दिसतो. आसपास कार्ब क्लीनर, पेट्रोल किंवा थिनर यांपैकी काहीही उघडे नसावे, कारण बॅटरीची वायर टेकवताना ठिणगी पडते.

इंजेक्टर टोक खाली करून बरणीवर धरावा, नळीतून तेल भरून सिरिंजचा दट्ट्या हलकासा दाबून ठेवावा आणि बॅटरीच्या वायरी पिनांना क्षणभर टेकवून लगेच काढाव्यात. ‘टक्’ असा स्पष्ट आवाज येतो आणि टोकातून तेलाची बारीक चिळकांडी उडते. पहिल्या दोन-तीन वेळा तेलाबरोबर हवेचे बुडबुडे येतात. ते थांबून नुसते तेल येईपर्यंत टेकवत जावे. आवाज आलाच नाही, किंवा एकदा येऊन पुढच्या वेळी आला नाही, तर तो इंजेक्टर बाजूला काढून पुन्हा बेंचवर पाठवावा. ठोकून किंवा जास्त व्होल्टेज देऊन त्याला मोकळे करण्याच्या भानगडीत पडू नये. गाडीची बॅटरी या कामाला वापरण्याचा मोह होतो, पण २ ते ३ ओहमच्या कॉइलला १२ व्होल्ट सरळ दिले तर ४ ते ६ अँपिअरचा प्रवाह वाहतो आणि वायर जरा जास्त वेळ टेकली तरी कॉइल जळते. ९ व्होल्टची छोटी बॅटरी मुळात एवढा प्रवाह देऊच शकत नाही, हाच तिचा गुण आहे.

शेवटी नळी काढल्यावर इंजेक्टरच्या तोंडाशी तेल काठोकाठ दिसले पाहिजे. ते सांडू न देता टोपण लावावे.

टोपणे, रबर आणि खूण

टोपणे प्लॅस्टिकची किंवा व्हिनाइलची, व्हर्नियरने माप घेऊन, दोन्ही टोकांना आणि विजेच्या सॉकेटलाही लावावीत. टोपण नसेल तेव्हा लोक चिंधी किंवा कापूस कोंबतात, वरून टेप गुंडाळतात. कापसाचा एक धागा वरच्या जाळीपर्यंत गेला की तो काढण्यासाठी जाळी बदलावी लागते, आणि टेपचा गोंद उन्हाळ्यात वितळून टोकावर पसरतो. टोकाची बाजू विशेष जपावी. पिंटल जातीच्या इंजेक्टरमध्ये सुईचे टोक किंचित बाहेर डोकावत असते. त्याला टोपणाचा तळ लागता कामा नये आणि त्यावर इंजेक्टरचे वजन तर कधीच येऊ नये.

नव्या ओ-रिंगा (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) दुकानातच चढवून मिळाल्या असतील तर त्या कशाच्या आहेत ते विचारून घ्यावे. देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून विक्रीला आले आणि आता तेच सर्रास मिळते. जुन्या पद्धतीच्या साध्या नायट्राइल रबराला ते मानवत नाही, म्हणून व्हिटॉन, म्हणजेच एफकेएम जातीच्या ओ-रिंगा घ्याव्यात. माझी पसंती तर अशी की, साठवणीच्या काळात ओ-रिंगा चढवूच नयेत. त्या वेगळ्या छोट्या पाकिटात, अंधारात ठेवाव्यात आणि बसवण्याच्या दिवशी चढवाव्यात. डी-जेट्रॉनिकसारख्या इंजेक्टरना ओ-रिंगेऐवजी होजचा तुकडाच जोडलेला असतो. तो जुना असेल तर आत्ताच कापून टाकावा, मात्र कापताना ब्लेडचा ओरखडा खालच्या नळीच्या कंगोऱ्यांवर उमटू देऊ नये, कारण पुढे गळती तिथूनच होते.

प्रत्येक इंजेक्टरला दोऱ्याने कागदी पट्टी बांधून तिच्यावर क्रमांक, फ्लोचा आकडा, रेझिस्टन्स आणि तेल भरल्याची तारीख लिहावी. अंगावर पंचने किंवा कानसेने खूण करू नये.

बांधणी आणि जागा

एका इंजेक्टरला एक झिप पाऊच. इंजेक्टर बाहेरूनही त्याच तेलाच्या कापडाने पुसून घ्यावा आणि व्हीसीआय कागदात गुंडाळावा. हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत मशिनिंगचे काम करणाऱ्यांकडे हा कागद असतोच. त्यातून निघणारी वाफ बंद पाकिटात धातूवर बसते आणि गंज रोखते. तो घेताना लोखंडाबरोबर तांबे-पितळेलाही चालणारा आहे ना, हे पाहावे, कारण इंजेक्टरच्या पिना लोखंडी नसतात. व्हीसीआय कागद नसेल तर पाउचमध्ये सिलिका जेलची पुडी टाकावी. दोन्ही एकत्र घालण्याचे कारण नाही. रंग बदलणारे निळे सिलिका जेल गुलाबी झाले की ते ओलावा पिऊन भरले असे समजावे. ते तापवून पुन्हा निळे करता येते, परंतु निळ्या रंगात कोबाल्टचे क्षार असल्यामुळे स्वयंपाकाच्या कढईत किंवा ओव्हनमध्ये ते तापवू नये. वर्तमानपत्राचा कागद ओलावा धरतो, म्हणून त्यात काहीही गुंडाळू नये.

पाउच बंद करताना आतली हवा दाबून काढावी, आणि हे काम पावसाळ्यात करायची वेळ आलीच तर पाऊस उघडलेल्या दुपारी, कोरड्या खोलीत करावे. ओल्या हवेत बंद केलेले पाऊच ती ओल आत कोंडून ठेवते. कुरिअरने आलेले किंवा एसीच्या खोलीत ठेवलेले इंजेक्टरही लगेच उघडू नयेत. गार धातूवर बाहेरच्या दमट हवेचे दव जमते. तास-दोन तास तसेच ठेवून मग पाकीट फोडावे.

सगळी पाऊचे फोमची खाच असलेल्या डब्यात आडवी ठेवावीत आणि तो डबा घराच्या आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवावा. गॅरेज, गच्चीवरची खोली, जिन्याखालची जागा या तिन्ही जागा नागपूरच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात वाईट. त्याहून वाईट म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारचे कपाट आणि फरशी धुण्याच्या ॲसिडची बाटली ठेवतात तो कोपरा. त्या बाटलीच्या बुचातून सुटणारी वाफही जवळच्या पोलादाला काही दिवसांत गंजवते.

तेल भरून अशा रीतीने बांधलेले इंजेक्टर सहा महिने निश्चिंतपणे राहतात. त्यापुढे राहणार असतील तर मेअखेरीस, पाऊस लागण्यापूर्वी, एक पाऊच उघडून टोक भिंगातून पाहावे, आणि तेल सुकल्यासारखे वाटले तर सगळ्यांत पुन्हा भरावे.

आता गाडीची बाजू

इथपर्यंतचे सगळे मनापासून केले आणि गंजलेल्या टाकीवर हे इंजेक्टर बसवले तर खर्च वाया गेला असे समजावे. इंजेक्टरच्या तोंडातली जाळी शेवटचा पहारेकरी आहे, गाळणी नव्हे. ती भरली की मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते, आणि तेही एकाच सिलिंडरमध्ये झाले तर शोधून काढणे महाकठीण. म्हणून टाकी, पंप, फिल्टर, नळ्या आणि रेल (सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) हे सगळे पूर्ण झाल्याशिवाय डबा उघडू नये.

टाकीतले जुने पेट्रोल सकाळच्या वेळी, उघड्यावर, बॅटरी तोडून, धातूच्या कॅनमध्ये काढावे. पेट्रोलच्या साठ्याला कायद्याची मर्यादा आहे, हे अनेकांच्या गावी नसते. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याविना एका ठिकाणी ३० लिटरपर्यंतच ठेवता येते, आणि तेही धातूच्या २५ लिटरपेक्षा किंवा काचेच्या १ लिटरपेक्षा मोठ्या भांड्यात नाही. हा कायदा राबवणाऱ्या पेसो या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटल्या तर कायदा बाजूला ठेवला तरी या कामाच्या नाहीत.

काढलेल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे ते पाहायचे असेल तर मापाच्या काचेच्या नळीत ८० मि.लि. पेट्रोल आणि २० मि.लि. पाणी घालून, बूच लावून हलवावे व दहा मिनिटे स्थिर ठेवावे. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जाते. खालचा थर २० चा ३६ च्या आसपास झाला, तर पेट्रोलमध्ये साधारण २० टक्के इथेनॉल होते. ही परीक्षा एकदा तरी करून पाहावी. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या, अर्ध्या रिकाम्या टाकीत पावसाळ्यात काय होत असते ते डोळ्यांसमोर येते. ओलावा वाढत गेला की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळे बसतात, आणि पंपाचे तोंडही तळाशीच असते.

टाकीत गंज दिसला तर ती उतरवून साफ करून घ्यावी. इंजेक्शनच्या दाबाच्या सगळ्या रबरी नळ्या बदलाव्यात आणि एसएई जे३० आर९ असे छापलेला होज घ्यावा. कार्ब्युरेटरच्या गाडीचा साधा होज या दाबाला नाही. डी-जेट्रॉनिकचा दाब सुमारे २ बार, एल-जेट्रॉनिकचा २.५ ते ३ आणि के-जेट्रॉनिकचा ५ बारच्या आसपास असतो. क्लॅम्पही कडा वळवलेले, इंजेक्शनचे घ्यावेत; खाचांच्या साध्या क्लॅम्पच्या कडा होज कापतात.

मग नवा फिल्टर बाणाची दिशा पाहून लावावा, टाकीत दहाएक लिटर ताजे पेट्रोल घालावे, रेलकडे जाणारी नळी सोडून ती धातूच्या कॅनमध्ये घट्ट बसवावी आणि पंप थोडा थोडा वेळ चालवावा. पंप मिनिटाला लिटरभर किंवा त्याहून जास्त पेट्रोल फेकतो, त्यामुळे सोबत एक माणूस केवळ कॅन आणि अग्निशामक सांभाळायला असावा. हे पेट्रोल पांढऱ्या एनॅमलच्या परातीत थोडे ओतून तिरपे धरावे. तळाशी तांबूस किंवा काळे कण सरकताना दिसले तर पुन्हा फ्लश करावे. परात स्वच्छ राहिली की रेलही असाच धुऊन घ्यावा आणि तो फिल्टर, तो नवा असला तरी, काढून दुसरा नवा लावावा. दोन फिल्टरांच्या खर्चावर कुरकुरणारे मालक मी पाहिले आहेत. ते इंजेक्टरच्या दुसऱ्या दुरुस्तीचे बिल मुकाट्याने भरतात.

बसवण्याचा दिवस

मॅनिफोल्डची भोके आधी स्वच्छ करावीत. जुनी रबरी सील तिथे चिकटून राहिलेली असते, ती लाकडी काडीने काढावी आणि कचरा आत जाऊ नये म्हणून ते करताना भोकात कापड ठेवावे; कापडांची संख्या मोजून ठेवावी, काढतानाही मोजावी. त्यानंतरच पाऊचे उघडावीत, तीही एकेक. रेझिस्टन्स मोजून पट्टीवरच्या आकड्याशी ताडावा, टोक भिंगाखाली पाहावे, ओ-रिंगेला स्वच्छ इंजिन ऑइलचे बोट फिरवावे आणि मगच वरचे टोपण काढावे. आतले कॅलिब्रेशन ऑइल ओतून देण्याची गरज नाही. पहिल्या स्टार्टला ते जळते, थोडा पांढरट धूर दिसतो आणि थांबतो.

इंजेक्टर सरळ धरून, किंचित फिरवत, हाताच्या दाबाने बसला पाहिजे. तो बसत नसेल तर ओ-रिंग कुठेतरी दुमडते आहे. हातोडी किंवा बोल्टची ओढ यांनी तिला मनवता येत नाही, ती फक्त कापली जाते. बोल्ट गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळावेत.

सगळे जोडल्यावर इंजिन लगेच सुरू करू नये. पंप चालवून दाब आणावा, बंद करावा, दहा मिनिटे थांबावे आणि प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू कागद फिरवावा. डोळ्यांना न दिसणारी ओल कागदाला कळते. सगळे कोरडे असेल तर स्टार्ट द्यावा. पहिल्या दिवशी गाडी थंड झाल्यावर डिपस्टिक ओढून वास घ्यावा. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर एखादा इंजेक्टर बंद अवस्थेत गळतो आहे. असे असताना पुन्हा स्टार्टर मारला तर सिलिंडरमध्ये साचलेले पेट्रोल पिस्टन अडवून कनेक्टिंग रॉड वाकवू शकते, म्हणून आधी प्लग काढून पाहावेत.

पुढे गाडी दोन महिन्यांहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवावी आणि पंधरवड्यातून एकदा इंजिन पूर्ण तापेपर्यंत ती फिरवून आणावी. जागेवर पाच मिनिटे चालू ठेवण्याने ओल वाढते, कमी होत नाही. हे शक्यच नसेल तर इंजेक्टर काढून, पुन्हा तेल भरून, त्याच पाऊचांत ठेवावेत. गाडी चालती राहिली तर दोन-तीनशे किलोमीटरनंतर फिल्टर आणखी एकदा बदलावा आणि काढलेला फिल्टर फेकून न देता, त्यातले पेट्रोल पूर्ण सुकल्यावर हॅकसॉच्या पात्याने हाताने कापून आतला कागद उलगडून पाहावा. ग्राइंडर वापरू नये. कागदावर तांबूस पूड असेल तर टाकीचे काम अर्धवट राहिले आहे, काळी भुकटी असेल तर एखादा जुना होज आतून झडतो आहे, आणि कागद फुगून सुरकुतला असेल तर टाकीत पाणी शिरले आहे. अशा वेळी सर्वप्रथम टाकीच्या झाकणाचे सील तपासावे.